स्तोत्रसंहिता : मेंढपाळाच्या घरातून
(द्वितीय वर्ष, कला)

परक्या धर्माचा एखादा ग्रंथ आपल्याच घरातला वाटावा असा अनुभव मला पहिल्या वर्षाला असताना आला. वसतिगृहातील माझा खोलीमित्र नवापूर तालुक्यातला. हा तालुका १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यात होता, आता नंदुरबारमध्ये आहे. त्याच्या घरी मावची बोलतात, माझ्या घरी अहिराणी. म्हणून आम्हा दोघांचे बोलणे मराठीत. तो ख्रिस्ती आहे. रोज रात्री दिवा मालवण्यापूर्वी पवित्र शास्त्रातील एक स्तोत्र हळू आवाजात वाचण्याचा त्याचा नेम. मी बहुधा अर्धवट झोपेत असे. एके रात्री त्याने २३वे स्तोत्र वाचले आणि मी अंथरुणात उठून बसलो. त्यात देवाला मेंढपाळ म्हटले होते!

आम्ही साक्री तालुक्यातले ठेलारी. दिवाळी झाली की कळप घेऊन बाहेर पडायचे आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचे, हा आमच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा क्रम. महाविद्यालयाची पायरी चढणारा घरातला मी पहिला. शाळेत 'मेंढरासारखा' हा शब्द मी शिवी म्हणूनच ऐकला होता. इथे तर एक राजा स्वतःला मेंढरू म्हणवून घेत होता आणि देवाच्या हातात माझ्या वडिलांची काठी देत होता. त्या रात्रीनंतर मी स्तोत्रसंहिता मित्राकडून मागून घेतली आणि हळूहळू सगळी वाचून काढली. मी घरचा देव सोडलेला नाही आणि कोणी सोडावा असेही माझे म्हणणे नाही. वाचताना जे उमगले आणि जिथे अडलो, तेवढेच येथे मांडतो.

प्रथम ग्रंथाविषयी थोडे. स्तोत्रे एकंदर १५०. त्यांचे पाच भाग आहेत आणि प्रत्येक भागाचा शेवट देवाच्या स्तवनाने होतो. त्यांपैकी ७३ स्तोत्रांच्या शिरोभागी दावीद राजाचे नाव आहे; बाकीच्यांपैकी काही आसाफाच्या, काही कोरहाच्या वंशजांच्या, तर एक मोशेच्या नावावर आहे आणि पुष्कळ निनावी आहेत. इब्री भाषेत या ग्रंथाला 'तेहिल्लीम' म्हणतात. या शब्दाचा अर्थ स्तवने. परंतु मौज अशी, की सगळ्यांत अधिक भरणा स्तवनांचा नसून गाऱ्हाण्यांचा आहे! रडणाऱ्या, भांडणाऱ्या, देवाला जाब विचारणाऱ्या माणसांच्या या पोथीचे नाव स्तवने का ठेवले असेल, हा प्रश्न मला बरेच दिवस छळत होता.

इब्री काव्यात आपल्यासारखे यमक नसते. एक गोष्ट सांगायची आणि लगेच तीच निराळ्या शब्दांत पुन्हा सांगायची, ही त्याची रीत. त्यामुळे ते दुसऱ्या भाषेत गेले तरी फारसे सांडत नाही. आपल्या मराठीत ते अनेक वाटांनी आले. कोकणातील बेने इस्राएल, ज्यांना शनिवारी घाणा बंद ठेवत म्हणून लोक 'शनिवार तेली' म्हणत, ते मराठी बोलणारे यहुदी. त्यांची ही मूळचीच प्रार्थना. पंडिता रमाबाईंनी इब्री आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र सामान्य स्त्रियांना कळेल अशा मराठीत आणले. १९२२ साली केडगावला त्यांचे देहावसान झाले तोवर हे काम त्यांनी पुरे करत आणले होते. आणि रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर ख्रिस्ती भक्तीला अभंगाचाच वेष दिला. हेच टिळक १९०७ साली आपल्या जळगावला भरलेल्या पहिल्या कविसंमेलनाला आले होते. धरणगावचा सतरा वर्षांचा त्र्यंबक ठोमरे त्याच संमेलनात 'बालकवी' झाला आणि पुढे नगरला टिळकांच्या घरी मुलासारखा राहिला. तेव्हा खानदेशाला हा विषय अगदीच परका आहे असे म्हणता येणार नाही.

आता २३व्या स्तोत्राकडे वळतो. पुस्तकी माणसाला त्यात हिरवे कुरण आणि शांत पाणी म्हणजे निसर्गवर्णन वाटेल. मेंढक्याला ती कामाची यादी वाटते. मेंढी खळखळत्या पाण्याला तोंड लावायला कचरते. तिला संथ पाणी शोधून द्यावे लागते. पोट भरल्याशिवाय आणि भीती गेल्याशिवाय ती खाली बसत नाही. स्तोत्रात मेंढपाळाजवळ दोन वस्तू आहेत, सोटा आणि काठी. टीकाकार सांगतात की सोटा लांडग्यासाठी आणि काठी मेंढरू वळवण्यासाठी. हे वाचून मी हसलो. माझे वडीलही कुऱ्हाड आणि आकडी अशी दोन हत्यारे बाळगतात, आणि आकडीने फांदी वाकवून कोकरांना पाला देतात.

आणखी एक गोष्ट मराठीच्या तासाला सर्वनामे शिकताना ध्यानात आली. स्तोत्राच्या आरंभी कवी देवाविषयी बोलतो : तो हे करतो, तो ते करतो. पण अंधाऱ्या दरीत शिरताच 'तो' जातो आणि 'तू' येतो. उजेडात ज्याच्याविषयी बोलत होता, त्याच्याशी तो अंधारात बोलू लागतो. आमच्या घरात वडिलांना 'तुम्ही' म्हणतात, पण रात्री वाड्यावर काही खुडबुडले की माझ्याही तोंडून 'आबा, उठ' असेच निघाले आहे.

सांभाळ करणाऱ्या देवाचे दुसरे मोठे स्तोत्र १२१वे. राखणदार झोपत नाही, डुलकीही घेत नाही, एवढाच त्याचा गाभा. इथपर्यंत सगळे गोड आहे. पण ४४वे स्तोत्र काढले आणि मी चपापलो. तिथे लोक देवालाच विचारतात की तू झोपलास काय? आणि आपल्याला कापायच्या मेंढरांसारखे देऊन टाकलेस, अशी तक्रार करतात. २३वे स्तोत्र घराघरांत पाठ असते, ४४वे सहसा कोणी पाठ करत नाही. मला मात्र हे दुसरे स्तोत्र अधिक प्रामाणिक वाटते. कारण आमच्या घरचे सत्य असे, की जो हात कोकराला अंगाखाली घेऊन थंडीत झोपवतो, तोच हात पैशांची नड आली की त्याला बाजारात नेतो. मेंढपाळाच्या प्रेमाला ही दुसरी बाजू असते. ती बाजू स्तोत्रकर्त्यांना ठाऊक होती आणि ती देवापुढे बोलून दाखवायला ते भ्यायले नाहीत.

झोपेचा विषय निघालाच आहे, तर एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. मी बारा वर्षांचा असताना सुट्टीत वाड्यावर होतो. एका रात्री राखणीची पाळी माझी होती. मला झोप लागली. पहाटे वाघर एका बाजूने पडलेली होती आणि दोन कोकरे लांडग्याने नेली होती. आबांनी विचारले तेव्हा मी सांगून टाकले, की मी जागाच होतो, कुत्रा भुंकलाच नाही. त्या कुत्र्याचे नाव मोती. आबांनी आठवड्याच्या आत तो वाटेतल्या एका शेतकऱ्याला देऊन टाकला. कळप निघाला तेव्हा साखळीला हिसके देत तो आमच्याकडे पाहत होता. मी सात वर्षे हे कोणाजवळ बोललो नाही.

३२व्या स्तोत्रात असा एक माणूस आहे. तो आपला अपराध गप्प राहून दाबतो, तेव्हा त्याची हाडे झिजतात आणि उन्हाळ्यात शेत वाळावे तसा तो आतून वाळतो. बोलून टाकतो तेव्हा मोकळा होतो. हे वाचून मी पुस्तक मिटले आणि दोन दिवस मित्राशी धड बोललो नाही.

यापुढचे स्तोत्र ५१वे. त्याच्या मथळ्यातच प्रसंग दिला आहे. दावीद राजाने उरीयाची बायको बथशेबा हिला आपलीशी केली आणि उरीयाला लढाईत पुढे धाडून मारवले. मग नाथान संदेष्टा दरबारात आला आणि त्याने एक गोष्ट सांगितली. एका गरिबाजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या ताटात जेवायची, त्याच्या कुशीत निजायची. शेजारच्या श्रीमंताकडे कळपच्या कळप होते. तरी पाहुणा आला तेव्हा त्याने गरिबाचीच मेंढी कापली. दावीद पूर्वाश्रमीचा मेंढपाळ. तो संतापला आणि त्या श्रीमंताला शिक्षा सांगू लागला. तेव्हा नाथान म्हणाला की तो माणूस तूच. न्यायाची गोष्ट धंद्याच्या भाषेत सांगितली म्हणूनच ती राजाला लागली असावी.

या स्तोत्रात क्षमा मागणाऱ्याने एकही सबब पुढे केलेली नाही. आपल्याकडे त्याच्या जवळचे काही असेल तर ती समर्थांची करुणाष्टके. धुळ्याच्या श्रीसमर्थ वाग्देवता मंदिरात रामदासी संप्रदायाच्या हस्तलिखितांचा मोठा संग्रह आहे. तिथे त्या जुन्या पोथ्या पाहताना मला वाटले, अनुतापाला प्रांत नसतो. शिवाय ५१व्या स्तोत्रात दयेसाठी आलेला इब्री शब्द 'रहमीम' हा 'रेहेम' म्हणजे गर्भाशय या शब्दाशी जोडलेला आहे. आपण बोलण्यात वापरतो तो 'रहम' अरबीतून आला असला तरी त्याच कुळातला. वारकरी विठ्ठलाला माउली का म्हणतात हे ज्याला कळते, त्याला हा शब्द समजावून सांगावा लागणार नाही.

मात्र एका जागी मी अजून अडलेलो आहे. दावीद त्या स्तोत्रात देवाला सांगतो की माझा अपराध केवळ तुझ्याविरुद्ध आहे. मग उरीयाचे काय? जाणकार याचे उत्तर देतात, की प्रत्येक अन्याय शेवटी देवाचाच अपराध ठरतो. उत्तर चुकीचे नसेल. पण उरीया मेला तो मेलाच, आणि त्याची क्षमा मागायला राजाला वाव राहिला नाही. देवाची क्षमा मागितली म्हणून ज्याचे नुकसान केले त्याच्याकडे जाणे टळते, असे मला तरी पटत नाही.

म्हणून गेल्या दिवाळीत कळप निघण्याच्या आदल्या दिवशी मी आबांना सगळे सांगितले. ते कोकराच्या पायातला काटा काढत होते. काटा निघेपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग एवढेच म्हणाले, "कुत्रं चांगलं होतं." दिवसभर आमच्यात बोलणे झाले नाही. रात्री जेवण झाल्यावर त्यांनी कुऱ्हाड माझ्यापुढे ठेवली, वाघरीकडे बोट दाखवले आणि घोंगडी ओढून झोपी गेले. मी उजाडेपर्यंत जागा होतो. मोती मात्र परत यायचा नाही.

१०३ वे स्तोत्र मी त्यानंतर वाचले. सांभाळ, क्षमा आणि स्तवन ही तिन्ही त्यात एकत्र आहेत. कवी तिथे देवाला हाक मारत नाही, स्वतःच्या जिवाला मारतो आणि त्याला स्तवन करायला सांगतो. समर्थ मनाच्या श्लोकांत मनाशी बोलतात, तसा. मग तो देवाचे उपकार मोजू लागतो, आणि त्यांत पहिला उपकार क्षमेचा आहे, रोग बरे होण्याचा त्याच्या नंतर. पूर्व आणि पश्चिम यांत जेवढे अंतर, तेवढे दूर अपराध नेऊन टाकले, असा त्याचा हिशेब. देव मुलांवर दया करणाऱ्या बापासारखा आहे असे तो सांगतो, आणि त्या बापाच्या दयेसाठी वापरलेले क्रियापदही त्याच गर्भाशयाच्या धातूचे आहे! माणूस माती आहे हे देव विसरत नाही, असेही पुढे येते. इथे मला त्या ग्रंथाच्या नावाचा थोडा उलगडा झाला. गाऱ्हाणे ऐकून घेणारा कोणी आहे अशी खात्री असल्याशिवाय माणूस इतके भांडत नाही. त्या खात्रीलाच ते स्तवन म्हणत असावेत. अपवाद आहे, नाही असे नाही : ८८वे स्तोत्र अंधारातच संपते, शेवटी दिवा लावत नाही. पण तेही त्यांनी 'स्तवनां'तून गाळले नाही.

शेवटची पाच स्तोत्रे म्हणजे निव्वळ जल्लोष. १४८व्यात सूर्य, चंद्र, बर्फ, वारा, डोंगर, फळझाडे आणि गुरेढोरेही स्तवनात ओढली आहेत. बालकवींच्या गावच्या माणसाला ते सहज आवडावे. १५०व्यात तर मागणे नाही, तक्रार नाही, फक्त वाद्यांची यादी : शिंग, सतार, वीणा, डफ, बासरी, झांजा. माझ्या मित्राच्या गावी नाताळात ढोलकी आणि टाळांवर भजने होतात. मला विचाराल तर १५०व्या स्तोत्राचा तोच खरा अर्थ आहे.

मागच्या महिन्यात आबांचा फोन आला तेव्हा मी त्यांना २३वे स्तोत्र वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याच्याकडे मेंढ्या किती?" मी पुन्हा पाहिले. बोलणारे मेंढरू एकच आहे. तसे सांगितल्यावर ते हसले. "एक असली की अशी निगा राखता येते. दीडशे असल्या की मग सांग म्हणावं."

तेव्हा मला उत्तर सुचले नाही. नंतर १४७वे स्तोत्र सापडले. त्यातला देव आकाशातले सगळे तारे मोजतो आणि एकेकाला नावाने हाक मारतो. आबाही संध्याकाळी वाघर लावताना मेंढ्या मोजतात आणि पुष्कळींना नावाने ओळखतात. पुढचा फोन आला की ते वाचून दाखवणार आहे. सध्या कळप जिथे आहे तिथे रेंज नाही.