संत्र्याला टेकू, निंबाला कोण?

वरुड-मोर्शीच्या पट्ट्यात आंबिया बहराची संत्री वजन धरू लागली की बागेत बांबू उभे राहतात. फळांनी लदलेली फांदी आधी वाकते, मग बेचक्यात चिरते. ती चिरण्याआधीच टेकू लागला पाहिजे, हे बागायतदाराला कुणी शिकवावं लागत नाही. झाडाला आधार देण्याचं हे शहाणपण बागेत वर्षानुवर्षं नांदतं आहे. गावच्या पारावरच्या आणि देवळाच्या आवारातल्या झाडांपर्यंत मात्र ते पोचलेलं नाही. त्या झाडांची फळं बाजारात विकली जात नाहीत, हे एक कारण असावं.

९ एप्रिल २०२३, रविवारची संध्याकाळ. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूर तालुक्यातलं पारस गाव. अवकाळी पाऊस आणि वादळ सुरू झालं तसे बाबूजी महाराज संस्थानात आलेले भाविक टिनाच्या शेडखाली गोळा झाले. त्या शेडवर सुमारे १०० वर्षांचा कडुनिंब कोसळला. ७ जणांचा जीव गेला, वीसहून अधिक जखमी झाले.

अवकाळीची वेळच झाडांना वाईट. पानगळीत उघडा पडलेला निंब चैत्रात पालवीने डेरेदार होतो, आणि तो डेरा वाऱ्यापुढे शिडासारखा उभा राहतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की झाडावरचा दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. खाली वऱ्हाडची काळी माती. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्यात बारीक मुळं तुटतात. झाड जेवढं वर तेवढंच खाली, ही समजूत खरी नाही. बहुतेक मुळं वरच्या मीटरभर मातीत असतात, आणि खोल जाण्यापेक्षा आडवी पसरतात. पाराला सिमेंटचा गिलावा करताना किंवा पाइपलाइनसाठी चर खणताना नेमकी तीच दुखावतात.

झाड मोडण्याची दुसरी जागा म्हणजे बेचकं. दोन फांद्या इंग्रजी यू अक्षरासारख्या ऐसपैस फुटल्या असतील तर त्यांचं लाकूड एकमेकांत विणलं जातं. व्हीसारख्या अरुंद बेचक्यात तसं होत नाही. दोन्हीकडची साल मध्येच चेपली जाते, आणि बाहेरून एकसंध दिसणारा सांधा आतून नुसता टेकलेला असतो. वय वाढतं तशा दोन्ही फांद्या जाड होतात आणि एकमेकींना बाहेर ढकलू लागतात.

पोकळ खोडाची भीती मात्र अनेकदा अवाजवी असते. वाकवणाऱ्या बळाला खोडाचा बाहेरचा भाग तोंड देतो, गाभ्याचा वाटा फार थोडा. त्रिज्येचा ७० टक्के भाग पोकळ झाला, तरी अखंड गोल खोडाची ताठरता हिशेबाने २४ टक्केच घटते. म्हणून जर्मनीचे क्लाउस मॅथेक यांनी सुचवलेला ढोबळ ठोकताळा असा : शाबूत लाकडाची भिंत त्रिज्येच्या ३० टक्क्यांहून पातळ झाली की सावध व्हावं. ढोलीत सिमेंट भरण्याची जुनी हौस आता शास्त्राला मान्य नाही. झाड डोलतं, सिमेंट डोलत नाही. दोघांच्या फटीत पाणी साचतं आणि कूज वाढते.

मग झाडाला आधार द्यायचा तारदोर, म्हणजे केबल, कुठे कामाला येते? बेचक्यात. फांद्या जिथे फुटतात तिथपासून शेंड्यापर्यंतच्या अंतराच्या साधारण दोन तृतीयांश उंचीवर दोन्ही फांद्या तारदोराने एकमेकींना जोडतात. एवढ्या वर कशाला? तरफेमुळे. तिथे थोडक्या ताणातही फांद्या फाकायच्या थांबतात. तेच काम बेचक्याजवळ करायचं तर कितीतरी जास्त बळ लागेल. बेचकं आधीच चिरलं असेल तर त्यात आरपार भोक पाडून लोखंडी सळी नट-वायसरने कसतात.

जिवंत झाडाला भोक पाडायचं म्हटलं की आपल्याकडे अंगावर काटा येतो. त्याच झाडाला मांडवाची तार करकचून गुंडाळताना मात्र येत नाही. खरं तर तारेचा विळखाच घातक. फांदी जाड होते तशी तार सालीत रुतते, सालीतून खाली जाणारा अन्नरस अडतो आणि फांदी गळा आवळल्यासारखी मरते. भोकाचं तसं नाही. अमेरिकेच्या वनखात्यातले शास्त्रज्ञ ॲलेक्स शिगो यांनी करवतीने असंख्य झाडं उभी चिरून पाहिली आणि १९७० च्या दशकात दाखवून दिलं, की झाडाची जखम आपल्या कातडीसारखी भरून येत नाही. झाड तिच्याभोवती भिंती घालून तिला कोंडतं आणि वरून नवं लाकूड चढवतं. निरोगी लाकडातलं नीटस भोक ते असं पचवतं. कुजलेल्या लाकडात मात्र बोल्टला पकड मिळत नाही.

केबल ताणून बसवली की काम पक्कं, असंही नाही. वाऱ्यात हलणारं झाड जिथे ताण पडतो तिथे जास्त लाकूड घालतं. जखडलेलं झाड आळसावतं. म्हणून अलीकडे भोक न पाडता रुंद पट्ट्यांनी बांधायचे, किंचित ताणले जाणारे कृत्रिम धाग्यांचे दोर वापरतात. ते रोजच्या झुळकीला मोकळीक देतात आणि वादळात अडवतात. बसवल्यावर ते तपासत राहावे लागतात. बसवून विसरलेली केबल नसल्यापेक्षा वाईट, कारण तिच्या भरवशावर माणसं खाली बसतात.

आणि मूळच गेलं असेल तर केबलचा उपयोग शून्य. खोडाच्या एका बाजूची माती उचललेली, नवी भेग पडलेली, बुंध्याशी भूछत्रं उगवलेली दिसली की डेरा हलका करावा, नाहीतर झाड उतरवावं. त्याहून स्वस्त उपाय शेड हलवण्याचा. झाड पडणं आणि माणूस मरणं यांच्यामध्ये शेडची जागा असते, आणि ती आपण ठरवलेली असते.

महाराष्ट्राचा १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा नागरी क्षेत्रांपुरता आहे. २०२१ च्या दुरुस्तीने त्यात ५० वर्षांवरच्या झाडांना वारसावृक्ष मानलं गेलं. पारससारख्या ग्रामपंचायतीच्या गावाला ती छत्री पुरत नाही. जुन्या झाडाला आधार देऊन जपल्याची उदाहरणं मात्र आहेत. इंग्लंडमधल्या शेरवूडच्या जंगलातल्या मेजर ओक या झाडाला १९०८ पासून साखळ्यांचा आणि पुढे खांबांचा आधार आहे. इतकं लांबही जायला नको. तेलंगणातल्या महबूबनगरजवळच्या पिल्ललमर्री वडाची मोठी फांदी पडल्यावर २०१८ मध्ये वाळवीवर सलाइनच्या बाटल्यांतून औषध सोडलं गेलं. त्याची छायाचित्रं देशभर फिरली. जड फांद्यांखाली उभारलेले खांब तितके प्रसिद्ध झाले नाहीत, पण भार त्यांनीच पेलला.

वडाला खरं तर बाहेरचे खांब लागू नयेत. हावड्याच्या वनस्पती उद्यानातल्या वडाचं मुख्य खोड कुजलं म्हणून १९२५ मध्ये काढून टाकलं, आणि झाड हजारो पारंब्यांवर उभं आहे. आपल्याकडे रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या गाड्यांना लागतात म्हणून छाटल्या जातात, आणि आडव्या फांद्या अधांतरी राहतात. त्यावर सोपा उपाय आहे. उभा चिरलेला पोकळ बांबू पारंबीभोवती बांधायचा, त्यात माती आणि शेणखत भरायचं, ओल ठेवायची. पारंबी सरळ खाली उतरते, मातीत शिरते आणि काही वर्षांत खांबासारखी जाड होते. तोवर भोवतालचा बांबू कुजून गेलेला असतो.