मूल उशिरा चालते, उशिरा बोलते तेव्हा

वजन आणि उंची वाढते ती बाळाची शारीरिक वाढ, तर मान धरणे, बसणे, दाणा चिमटीत उचलणे, हाकेला वळून पाहणे, शब्द उच्चारणे अशी कौशल्ये क्रमाने येत जाणे म्हणजे विकास. वाढ काट्यावर मोजता येते, म्हणून तिच्याकडे घरच्यांचे लक्ष असते. विकास मात्र रोजच्या हालचालींत विखुरलेला असल्यामुळे अंगाने बाळसेदार असलेल्या मुलाचा उशीर घरात वर्ष-वर्ष लक्षात येत नाही. हालचाल, हातांचे बारीक काम, भाषा, समज आणि माणसांशी वागणे यांपैकी एखाद्या क्षेत्रातले कौशल्य अपेक्षित वयोमर्यादा उलटूनही येत नसेल, तर त्याला विकासविलंब म्हणतात. पाच वर्षांखालील मुलात दोन किंवा अधिक क्षेत्रे लक्षणीय मागे असतील, तर डॉक्टर सर्वांगीण विकासविलंब असे नाव देतात. हे नाव आजाराचे नसून अवस्थेचे आहे आणि तिच्यामागचे कारण शोधणे त्यानंतरही उरतेच.

उशीर ठरवताना शेजारच्या मुलाशी केलेली तुलना फारशी उपयोगी पडत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील निरोगी मुलांचा अभ्यास करून 2006 मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांनुसार आधाराशिवाय चालण्याचे वय साधारण आठ महिन्यांपासून साडेसतरा महिन्यांपर्यंत पसरलेले असते, आणि शंभरातील चारएक मुले रांगण्याची पायरी गाळूनच पुढे जातात. म्हणून महत्त्व सरासरीला नसून मर्यादेला आहे: तिसरा महिना सरला तरी माणसाकडे पाहून न हसणे, पाचव्या महिन्यातही मान न सावरणे, दहाव्या महिन्यात आधाराशिवाय न बसणे, दीड वर्षाचे होऊनही न चालणे किंवा एकही अर्थपूर्ण शब्द न बोलणे आणि दोन वर्षांनंतर ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द न जोडणे, ही तपासणीला न्यावे अशी चिन्हे होत. अकाली जन्मलेल्या मुलाचे वय दोन वर्षांपर्यंत प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे लागते. दोन महिने आधी जन्मलेल्या आठ महिन्यांच्या बाळाकडून सहा महिन्यांच्या बाळाइतकीच अपेक्षा धरणे न्याय्य ठरते. मात्र आलेले कौशल्य नाहीसे होणे, म्हणजे बोलणारे मूल गप्प होणे, हे कोणत्याही वयात तातडीचे मानले पाहिजे.

सर्वांत जास्त वेळ वाया जातो तो बोलण्याच्या बाबतीत. ‘याचे वडीलही तिसऱ्या वर्षी बोलले’ असे आजी खात्रीने सांगते आणि तपासणी लांबणीवर पडते. वास्तविक पहिला प्रश्न कानांचा असतो. ऐकू न येणारे बाळही सुरुवातीचे काही महिने हुंकार देते, आवाज काढते, दार आपटल्याचा हादरा अंगाला जाणवून दचकते आणि आईचा चेहरा वाचून हसते, त्यामुळे घरच्यांनी टाळ्या वाजवून केलेली परीक्षा फसवी ठरते. झोपलेल्या बाळाच्या कानात छोटी नळी ठेवून काही मिनिटांत होणारी, कसलाही त्रास नसलेली चाचणी उपलब्ध आहे. श्रवणदोष वेळीच ओळखून सहा महिन्यांच्या आत श्रवणयंत्र व वाचा-उपचार सुरू झाल्यास भाषा येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. ऐकू येत असूनही मूल नजर देत नसेल, हवी ती वस्तू बोटाने दाखवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, तर स्वमग्नतेच्या दृष्टीने तपासणी करावी लागते. घरात मराठी आणि बाहेर हिंदी किंवा इंग्रजी असल्याने मूल मागे पडते, हा समज मात्र चुकीचा आहे, आणि त्यापायी पुण्यात किंवा परदेशात मुलाशी मराठी बोलणे थांबवण्याचे काही कारण नाही.

कारणांची यादी मोठी आहे: जन्मताना प्राणवायू कमी पडणे, तीव्र कावीळ, गुणसूत्रांतील दोष, लोहाची कमतरता, मुलाशी कोणी फारसे न बोलणे. काही कारणे पूर्णपणे उपचारसाध्य असतात, म्हणूनच वाट पाहणे महाग पडते. जन्मतः थायरॉइडचे संप्रेरक कमी असल्यास पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केलेली साधी, स्वस्त गोळी बौद्धिक अपंगत्व टाळू शकते. तीच गोळी वर्षभराने दिल्यास झालेले नुकसान पुरते भरून निघत नाही. चालायला उशीर होतो म्हणून आणलेला चाकांचा, आत बसवायचा वॉकर मात्र मुलाला लवकर चालवत नाही, उलट अपघात घडवतो. मूल स्वतः उभे राहून ढकलते तो जुना लाकडी पांगुळगाडा याहून वेगळा आहे.

2013 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात विकासविलंबाचा समावेश असून त्याची पथके अंगणवाडीतील मुलांना वर्षातून दोनदा तपासतात. दोन तपासण्यांमधले सहा महिने मात्र बाळाच्या आयुष्यात फार मोठे असतात. त्यामुळे शंका येताच आशा किंवा अंगणवाडी सेविकेमार्फत अथवा थेट बालरोगतज्ज्ञाकडे जाणे योग्य. पुढची तपासणी जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात होऊ शकते, जिथे बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-उपचारक आणि मानसशास्त्रज्ञ एकत्र पाहतात. त्यांच्याकडचा वेळ आठवड्यातला तासभरच असतो. म्हणून चांगला उपचारक पालकांनाच शिकवतो, की भरवताना वाटी मुलाला दिसेल पण हाती लागणार नाही अशी धरावी, ‘दे’ म्हणावे, मुलाने नुसता आवाज काढला किंवा हात पुढे केला तरी लगेच घास द्यावा, आणि हेच आंघोळीच्या तांब्याशी, चेंडूशी, दिवसभर करत राहावे.