नदीतील मासे आणि पुराव्याचा भार

कारखान्याच्या ताळेबंदात कच्च्या मालाची किंमत असते, कामगारांचे वेतन असते, यंत्रांचा घसारा असतो. सांडपाणी नदीत सोडल्यामुळे इतरांना जी किंमत मोजावी लागते, तिचा रकाना मात्र त्यात नसतो. पिगू या अर्थशास्त्रज्ञाने १९२० सालीच दाखवून दिले होते की, असा खर्च नाहीसा होत नाही, तो समाजाच्या माथी पडतो. समाजातील नेमक्या कोणाच्या माथी, याचे उत्तर जपानमधील आगानो नदीने दिले आहे.

या नदीच्या काठी, मुखापासून सुमारे ६० किलोमीटर वरच्या बाजूस, कानोसे येथे शोवा डेंको कंपनीचा रासायनिक कारखाना होता. तेथील प्रक्रियेत पारा वापरला जाई आणि त्यापासून तयार होणारे मेथिल पारा हे विषारी संयुग सांडपाण्याबरोबर नदीत जाई. जून १९६५ मध्ये निगाता परिसरात, नदीच्या खालच्या अंगास, रुग्ण आढळल्याचे जाहीर झाले. हातापायांना बधिरता, चालताना तोल जाणे, दृष्टीची कक्षा आकुंचित होणे ही त्यांची लक्षणे होती. नदीतील मासे हे या कुटुंबांचे नित्याचे अन्न होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. पाण्यात पारा अत्यल्प असला तरी सूक्ष्म जीवांतून लहान माशांत आणि लहान माशांतून मोठ्या माशांत तो साठत जातो. तो माशाच्या मांसातच मुरलेला असल्याने धुण्याने वा शिजवण्याने जात नाही. गर्भवतीच्या शरीरातून तो गर्भाच्या मेंदूपर्यंत पोहोचतो. नदीचे पाणी स्वच्छ दिसते, एवढ्यावरून तिचे मासे निर्धोक ठरत नाहीत.

हा धोका अज्ञात होता असेही नाही. मिनामाता येथे हाच रोग १९५६ मध्ये नोंदला गेला होता आणि १९५९ मध्ये कुमामोतो विद्यापीठाच्या संशोधकांनी सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखवले होते. तरीही निर्विवाद पुराव्याची वाट पाहण्यात वर्षे गेली आणि तीच प्रक्रिया कानोसे येथे १९६५ च्या प्रारंभापर्यंत चालू राहिली. त्या विलंबाची किंमत मासेमारांनी आपल्या शरीराने चुकती केली.

१९६७ मध्ये पीडितांनी दावा दाखल केला. १९६४ च्या भूकंपात गोदामांतील कीटकनाशके नदीत वाहून आली, असा बचाव कंपनीने मांडला. २९ सप्टेंबर १९७१ रोजी निगाता न्यायालयाने तो फेटाळला. विषाचा माग कारखान्याच्या दारापर्यंत नेऊन दाखवला, म्हणजे पीडितांचे काम संपले. दाराच्या आत काय घडले, आपण निर्दोष कसे, हे कंपनीने सिद्ध करावे, असा त्या निकालाचा आशय होता. कारखान्याची कागदपत्रे ज्याच्या हाती, त्याच्यावरच पुराव्याचा भार पडणे हा साधा न्याय होय.

आपल्याकडेही हे तत्त्व परके नाही. तामिळनाडूतील पालार नदी दूषित करणाऱ्या चर्मोद्योगासंबंधीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली प्रदूषकानेच भरपाई करावी हे तत्त्व स्वीकारले आणि आपली कृती निरुपद्रवी आहे हे दाखवण्याची जबाबदारी उद्योजकावर टाकली. परंतु भरपाई ही रोगानंतरची गोष्ट. बिघडलेले मज्जातंतू कोणत्याही रकमेने पूर्ववत होत नाहीत. म्हणून केवळ पाण्याचे नव्हे, तर माशांचेही नियमित परीक्षण व्हावे, त्याचा खर्च नदीत सांडपाणी सोडणाऱ्याकडून वसूल केला जावा आणि निष्कर्ष मासळीबाजारात, लोकांच्या भाषेत लावले जावेत. ताळेबंदात हा रकाना उघडला गेला नाही, तर त्यातील रक्कम नदीकाठच्या घरांतूनच वसूल होत राहील.