ट्रॅकवर हिरो, सरचूत झिरो!

लेह-लडाखची बाइक ट्रिप हे ऑफिसातल्या प्रत्येक ग्रुपचं ड्रीम! पण तिथे जिम, स्टॅमिना आणि रायडिंग स्किल यांपैकी कशाचीच डाळ शिजत नाही. विश्वास नाही बसत? मग घाटंजीच्या एका जुन्या रेसरची गोष्ट ऐकाच...

मे महिना आला की ऑफिसात कामाचं कमी आणि ट्रिपचंच जास्त बोलणं होतं. ‘या वर्षी लेह नक्की हं, बॉस!’ लगेच एक्सेल शीट तयार. कोण कुठली बाइक आणणार, सुट्टी किती दिवसांची, पेट्रोलचा खर्च किती, रात्रीचे तंबू कुठे. हेल्मेट, नी-गार्ड, पंक्चर किट, थर्मल... यादीत सगळं असतं. फक्त एक कॉलम कोणीच टाकत नाही : त्या रात्री आपण किती उंचीवर झोपणार? आणि सगळा घोळ नेमका तिथेच होतो.

आरएक्स १०० आणि खिशातली डबी

माझे मामा घाटंजीचे. यवतमाळ जिल्ह्यातला हा कापसाचा तालुका. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकतो. मामांचं तिथे स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. आज पन्नाशी ओलांडलेला हा शांत माणूस नव्वदच्या दशकात डर्ट ट्रॅकवर धूळ उडवायचा, हे दुकानात येणाऱ्या पोरांना सांगूनही खरं वाटत नाही.

गाडी कुठली? अर्थात यामाहा आरएक्स १००! ९८ सीसी, टू-स्ट्रोक, ११ हॉर्सपॉवर. आज हे आकडे ऐकून हसू येईल, पण त्या काळी या गाडीचा नुसता आवाज आला तरी कॉलेजचं गेट वळून बघायचं. मामा आणि त्यांचे मित्र गाड्या टेम्पोत टाकून रेसला जायचे. चुन्याने आखलेला मातीचा ट्रॅक, टँकरने मारलेलं पाणी, टू-टी ऑइलचा तो वास. बक्षिसाच्या पैशात जाण्या-येण्याचा खर्चही निघायचा नाही. पण सोमवारी गावात एंट्री मारताना कॉलर टाइट!

मामांच्या खिशात कायम एक छोटी डबी असायची. त्यात कार्ब्युरेटरचे वेगवेगळ्या नंबरचे जेट. हवा थंड की गरम, कोरडी की दमट हे बघून ते जेट बदलायचे. ही डबी लक्षात ठेवा, पुढे तिचं काम आहे.

त्या दिवसांचा फंडा एकच होता. पडलं की उठायचं, आणि काही दुखत असेल तर तोंड उघडायचं नाही. “आपलं दुखते म्हणून सांगतलं, की बाजूचा पोट्टा पुढं निघून जाते,” मामा सांगतात. १९९९ मध्ये ‘रेड दे हिमालय’ ही पहाडातली रॅली सुरू झाली, तेव्हा तिच्या बातम्या कापून त्यांनी दुकानाच्या भिंतीवर चिकटवल्या होत्या. जायचं होतं. पण लग्न झालं, दुकान आलं, आरएक्स विकली गेली. पहाड राहून गेला.

एका दिवसात २,२०० मीटर

दोन वर्षांपूर्वी मामांनी ठरवलं, रॅली नाही तर नाही, निदान मनाली ते लेह तरी करू! सोबत गावातली तीन तरुण पोरं. मनाली समुद्रसपाटीपासून साधारण २,०५० मीटरवर. सकाळी निघाले, ४,८९० मीटर उंचीचा बारालाचा ला ओलांडला आणि संध्याकाळी सरचूच्या तंबूत. सरचूची उंची सुमारे ४,२९० मीटर. म्हणजे एका दिवसात झोपायची जागा २,२०० मीटरहून जास्त वर गेली!

रात्री डोकं ठणकायला लागलं. जेवण जाईना, उलटी झाली. मामा गप्प. “मले वाटलं ऊन लागलं असन. डोकं दुखते म्हणून रेस सोडते का कोणी?” सकाळी बुटाची नाडी बांधताना धाप लागली, कोरडा खोकला सुरू झाला, चालताना तोल जायला लागला. तरी मामांचं एकच : “मी चालवतो, चाबी दे.” एका पोराने चावी सरळ स्वतःच्या खिशात घातली. त्याच्या त्या उद्धटपणाबद्दल मामा आज त्याला जेवायला बोलावतात.

आता सरचूची खरी गोम ऐका. तिथे बिघडलं तर सरळ खाली उतरताच येत नाही. पुढे लेहकडे जावं तर लाचुंग ला आणि तांगलांग ला हे पाच हजार मीटरच्या वरचे पास. मागे फिरावं तर पुन्हा बारालाचा ला. म्हणजे खाली जायलाही आधी वर चढायचं! पोरांनी मागचा रस्ता धरला. मामांना एका जीपमध्ये घालून शंभरेक किलोमीटरवरच्या केलाँगला आणलं. तिथली उंची साधारण ३,०८० मीटर. ऑक्सिजन लागला, रात्रीपर्यंत माणूस बोलायला लागला. डॉक्टर म्हणाले, फुप्फुसात पाणी भरायला सुरुवात झाली होती. आणखी एक रात्र वर काढली असती तर?

बॉडीचं जेटिंग

इथे मामांची ती डबी कामाला येते. वर गेलं की हवेतला ऑक्सिजनचा वाटा कमी होतो, असं आपल्याला वाटतं. चूक! तो सगळीकडे सुमारे २१ टक्केच असतो. कमी होतो तो हवेचा दाब. खारदुंग ला (खरी उंची ५,३५९ मीटर, तिथल्या जुन्या पाटीवरचे १८,३८० फूट विसरा) इथे हवेचा दाब समुद्रकाठच्या जवळपास निम्मा असतो. म्हणजे एका श्वासात निम्माच माल!

कार्ब्युरेटरवाल्या गाडीचंही हेच होतं. हवा विरळ, पेट्रोल मात्र तेवढंच. मिक्श्चर बिघडतं, प्लग काळा पडतो, गाडी गुदमरते. मग लहान नंबरचा जेट लावायचा. एप्रिल २०२० पासून बीएस-६ आल्यावर बहुतेक बाइकमध्ये फ्युएल इंजेक्शन आलं आणि हे काम सेन्सर करतो. तरी दर हजार मीटरला साधारण दहा टक्के ताकद जातेच.

आपल्या शरीरातही असा सेन्सर आहे, पण तो निवांत चालतो. आधी श्वास जलद होतो. मग किडन्या रक्तातला आम्ल-अल्कलीचा हिशेब नव्याने मांडतात, त्याला काही दिवस लागतात. नव्या तांबड्या पेशी वाढायला तर आठवडे जातात. मामांच्या भाषेत, “गाडीले जेट लावाले दोन मिनिटं लागते. माणसाले चार दिवस लागते, हे मले कोणी सांगतलंच नाही.”

आणि हो, सह्याद्रीत प्रॅक्टिस करून जाऊ, हा भ्रम सोडा. त्रास सुरू होतो साधारण २,५०० मीटरच्या वर. आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर! म्हणजे आपल्याला हा त्रास होतो की नाही, हे महाराष्ट्रात राहून कळायला मार्गच नाही. फिटनेसचाही इथे भरवसा नाही. उलट फिट माणूस भरभर चढतो, दुखणं अंगावर काढतो आणि जास्त अडकतो.

हे ज्ञान आपल्याकडे फार महागात आलंय. १९६२ च्या चीन युद्धाच्या वेळी मैदानी भागातले जवान घाईघाईने उंचावर पाठवावे लागले. पुढे १९६९ मध्ये डॉ. इंदर सिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १,९२५ जवानांच्या आजारपणाचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापला. या विषयावर जगभर त्याचा आधार घेतला जातो. जवानांना तेव्हा चॉइस नव्हता. आपल्याला आहे!

रस्ता फास्ट, धोका सुपरफास्ट

गंमत म्हणजे रस्ते सुधारले तसा हा धोका वाढलाय. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल टनेल सुरू झाला आणि मनाली-लेह अंतर ४६ किलोमीटरने घटलं. म्हणजे सरचूला आणखी लवकर पोचणार! विमानाने तर दिल्लीहून दीड तासात लेह, साधारण साडेतीन हजार मीटरवर. म्हणूनच अनेक रायडर श्रीनगरचा रस्ता पसंत करतात. श्रीनगर १,५८५ मीटर, मग कारगिल २,६७६, मग लेह. मधे झोजी ला आणि फोतू ला लागतात, पण ते ओलांडून खाली येऊनच झोपायचं असतं. मामाही पुढच्या जुलैत याच रस्त्याने जाणार आहेत. चावी कोणाकडे राहणार, हे मामींनी आधीच ठरवून टाकलंय!

निघण्याआधी हे वाचाच

- ३,००० मीटरच्या वर रोज झोपायची उंची ५०० मीटरहून जास्त वाढवू नका. तीन-चार दिवसांनी एक दिवस पूर्ण आराम.
- विमानाने लेहला गेलात तर पहिले दोन दिवस बाइकला हात नको. खारदुंग ला कुठे पळून जात नाही.
- पहिल्या दिवसांत दारू आणि झोपेच्या गोळ्या बंद.
- डायमॉक्स ही गोळी शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण डॉक्टरांना विचारूनच. सल्फाची अॅलर्जी असेल तर आवर्जून सांगा. बोटांना मुंग्या आल्या, कोल्ड्रिंक बेचव लागलं तर घाबरू नका, तो गोळीचा प्रताप.
- डोकेदुखीसोबत मळमळ किंवा थकवा आला की तिथेच थांबा. बरं वाटेपर्यंत आणखी वर जायचं नाही.
- बसल्या जागी धाप, वाढता खोकला, बोलण्यात गोंधळ, किंवा टाचेला पंजा लावून सरळ रेषेत चालता न येणं, यातलं काहीही दिसलं तर ताबडतोब खाली. रात्र असली तरी! अशा माणसाने बाइक चालवायची नाही.
- छोटा ऑक्सिजन कॅन काही मिनिटांत संपतो. तो खाली उतरण्याला पर्याय नाही.
- ऑक्सिजन कमी पडला की स्वतःच्या तब्येतीचा अंदाज सगळ्यात आधी चुकतो. म्हणून ‘मी ठीक आहे’ हे त्याचं त्याने नाही, सोबतच्या मित्राने ठरवायचं.
- आणि एक्सेल शीटमध्ये तो कॉलम आजच टाका : झोपायची उंची, मीटरमध्ये.