घर हेच संशोधन केंद्र : कै. बनबिहारी निंबकर यांचे कार्य



दख्खनच्या पठारावरील मेंढी एका वेताला बहुधा एकच कोकरू देते. मेंढपाळाचे वर्षाचे सारे गणित त्या एका कोकरावर बसलेले असते. हे गणित बदलण्याचे काम फलटण (जि. सातारा) येथील कृषी शास्त्रज्ञ श्री. बनबिहारी विष्णू निंबकर यांनी हाती घेतले आणि त्यांच्या मुलीने ते पुढे नेले. जवळची माणसे त्यांना ‘बॉन’ म्हणत. ऑगस्ट २०२१ मध्ये वयाच्या नव्वदीत त्यांचे निधन झाले.

आपण रायगडच्या किनाऱ्यावरील शेतकरी. आपल्याकडे भात आहे, वाल आहे, पांढरा कांदा आहे, मेंढ्या नाहीत. मग ही माहिती आपल्याला कशासाठी? कारण निंबकरांच्या संशोधनाचे मूळ आपल्यासारख्याच एका खाऱ्या, दलदलीच्या किनाऱ्यावर सापडले. शिवाय त्यांची काम करण्याची रीत आपल्या घरातही अवलंबता येण्यासारखी आहे.

घराची पार्श्वभूमी

निंबकरांच्या मातोश्री कमलाबाई या जन्माने अमेरिकन, मूळ नाव एलिझाबेथ लंडी. विवाहानंतर त्या भारतातच राहिल्या. अपंगांना हाताला काम देऊन बरे करणाऱ्या व्यवसायोपचाराची देशातील पहिली शाळा त्यांनी १९५० साली मुंबईत काढली. निंबकरांच्या पत्नी जाई या इंग्रजीत कथा-कादंबऱ्या लिहिणाऱ्या लेखिका. डॉ. इरावती कर्वे त्यांच्या आई, तर महर्षी धोंडो केशव कर्वे आजोबा. महर्षी कर्वे दापोली तालुक्यातील मुरूडचे, म्हणजे या घराचे आपल्या कोकणाशी जुने नाते आहे.

निंबकरांनी अमेरिकेत शेतीशास्त्राचे शिक्षण घेतले आणि परत येऊन फलटणला मुक्काम केला. १९६८ साली त्यांनी निंबकर कृषी संशोधन संस्था स्थापन केली. बिनकाट्याची करडई आणि ‘मधुरा’ ही गोड ज्वारी ही या संस्थेची कामे शेतकऱ्यांना परिचित आहेत. करडईच्या काट्यांमुळे काढणीला मजूर तयार होत नसत. ती अडचण बिनकाट्याच्या वाणाने कमी झाली. ‘मधुरा’च्या कणसातून धान्य, ताटातून गोड रस आणि पानांतून वैरण असा तिहेरी लाभ होतो.

यातील पुष्कळसे काम घरातच वाटून घेतले गेले. थोरली कन्या डॉ. नंदिनी यांनी करडईचे संशोधन सांभाळले, जावई डॉ. अनिल राजवंशी यांनी ग्रामीण ऊर्जेचे, तर डॉ. चंदा यांनी मेंढ्या-शेळ्यांचे. डॉ. मंजिरी यांनी वैद्यकीय शिक्षण घेऊनही फलटणच्या कमला निंबकर बालभवन या मराठी शाळेचे काम पत्करले. शाळेला नाव आजीचे आहे.

गॅरोल मेंढीची गोष्ट

बंगालच्या सुंदरबनात, खाडीच्या चिखलात चरणारी गॅरोल नावाची मेंढी आहे. अंगाने अगदी लहान, वजन जेमतेम १० ते १५ किलो. मांसासाठी पाळणारा तिच्याकडे पाहणारही नाही. परंतु ती बहुधा जुळी आणि कधी तिळी कोकरे देते. इ. स. १७९२-९३ च्या सुमारास कलकत्त्याहून काही मेंढ्या जहाजाने ऑस्ट्रेलियात गेल्या. तेथील ‘बुरूला’ नावाच्या, जास्त कोकरे देणाऱ्या प्रसिद्ध मेरिनो मेंढीत जुळ्यांचा गुण याच बंगाली मेंढ्यांतून आला असावा, असे शास्त्रज्ञ मानत. २००१ साली या गुणाला कारणीभूत असणारा जनुक सापडला आणि पुढच्याच वर्षी तोच जनुक गॅरोल मेंढीत असल्याचे सिद्ध झाले.

फलटणला १९९० च्या दशकात गॅरोल मेंढ्या आणून दख्खनी मेंढ्यांशी त्यांचा संकर सुरू झाला. उद्देश असा, की अंग दख्खनी मेंढीचे राहावे आणि जुळ्यांचा गुण तेवढा गॅरोलचा यावा.

अडचण कोठे होती?

प्रत्येक गुणाच्या दोन प्रती जनावरात असतात, एक आईकडून व एक बापाकडून आलेली. जुळ्यांच्या जनुकाची एक प्रत असेल तर मेंढी बहुधा जुळी देते. दोन प्रती असतील तर तीन किंवा जास्त कोकरेही होऊ शकतात, पण ती अशक्त निपजतात, आईचे दूध पुरत नाही आणि मर होते. म्हणजे ‘जास्त तितके चांगले’ हा हिशेब येथे चालत नाही.

दुसरी अडचण नराची. नर स्वतः वीत नाही, म्हणून त्याच्यात हा गुण आहे की नाही हे दिसत नाही. त्याच्या मुली मोठ्या होऊन विईपर्यंत वाट पाहावी लागे. जनुक सापडल्यावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या साहाय्याने रक्ताच्या तपासणीवरून योग्य नर लहानपणीच निवडता येऊ लागले. ऑस्ट्रेलियातील संस्थांचेही या कामाला साहाय्य झाले. यातून ‘नारी सुवर्णा’ ही मेंढी तयार झाली. मेंढपाळांच्या कळपात तिच्यापासून वेताला सरासरी एकाऐवजी सुमारे दीड कोकरू मिळते. मात्र गाभणकाळाच्या अखेरीस आणि विल्यानंतर मेंढीला पुरेसा खुराक दिला तरच जुळी जगतात, हे विसरून चालणार नाही.

आपल्या किनाऱ्याचे धन

आता आपल्या खारजमिनीकडे पाहा. पेण, अलिबाग, उरण भागात बाहेरकाठ्याला खांड पडली की भरतीचे पाणी शेतात येते. अशा जमिनीत तग धरणारा तांबडा राता भात आपल्या वाडवडिलांनी पिढ्यान्‌पिढ्या जपला. काळा राता, भुरा राता हे त्यातलेच प्रकार. पनवेलच्या खारजमीन संशोधन केंद्राने पनवेल-१, पनवेल-२, पनवेल-३ असे क्षार सहन करणारे भाताचे सुधारित वाण दिले आहेत. ते जरूर लावावेत. पण जुन्या राताचे बियाणे घरातून एकदा गेले की पैसे टाकूनही परत मिळत नाही. गॅरोल मेंढीला कमी उत्पन्नाची म्हणून सुंदरबनच्या लोकांनी टाकून दिले असते, तर फलटणला काय आणता आले असते? अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तेही घरोघर बियाणे राखले गेले म्हणूनच.

घरी काय करता येईल?

१. खाऱ्या पाण्यात टिकून राहिलेल्या भाताच्या चुडातील निरोगी, सारख्या पक्वतेच्या लोंब्या कापणीपूर्वी निवडाव्यात. बांधाजवळच्या, भेसळीचा संभव असलेल्या लोंब्या घेऊ नयेत.

२. हे बियाणे वेगळे झोडून, चांगले वाळवून स्वतंत्र ठेवावे. त्यावर वाणाचे नाव, शेत व वर्ष लिहावे.

३. जुन्या वाणासाठी दरवर्षी एखादा लहान वाफा तरी राखावा.

४. शेळ्या असल्यास वही घालावी. विण्याची तारीख, करडांची संख्या, जगलेली करडे आणि आईचे दूध यांची नोंद करावी. शेळीत जुळी सर्रास होतात, म्हणून केवळ संख्या न पाहता दोन्ही करडे नीट वाढविणाऱ्या शेळीचाच बोकड पैदाशीसाठी ठेवावा.

५. बोकड दोन वर्षांनी बदलावा, म्हणजे त्याच्याच मुलींशी संकर होणार नाही.

६. ही वही घरातील मुलामुलींच्या हाती द्यावी. भाताच्या एका निवडीला एक वर्ष लागते, जनावराच्या एका पिढीला त्याहून अधिक. एका माणसाच्या आयुष्यात असे काम पुरे होत नाही.

निंबकरांच्या घरी हेच झाले. वडिलांनी काढलेल्या संस्थेत मुलीने मेंढ्यांचे काम पुढे चालविले, आणि म्हणूनच वडील गेल्यावरही ते थांबले नाही. येत्या हंगामात आपल्या घरातील जुन्या बियाण्याची एक मूठ वेगळी बांधून ठेवा आणि ती कोणाच्या हाती सोपवायची तेही ठरवा.