जिवंत लस आणि शरीराची जुनी ओळख

आपल्यापैकी पुष्कळांच्या डाव्या दंडावर एक लहानसा गोल वण असतो. कोणाचा तो देवीच्या लशीचा असेल, कोणाचा बीसीजीचा. आज आपण या बीसीजीविषयीच विचार करणार आहोत. एकच लस एका देशात उत्तम गुण देते आणि दुसऱ्या देशात तिचा गुण दिसत नाही, असे का व्हावे, हा आपला प्रश्न आहे.

प्रथम ही लस म्हणजे काय ते पाहू. फ्रान्समधील लील येथे काल्मेत आणि गेरँ या दोन शास्त्रज्ञांनी 1908 पासून गुरांच्या क्षयाचा जंतू पित्त लावलेल्या बटाट्यावर वाढवायला घेतला. एका बटाट्यावरून दुसऱ्यावर, अशी 230 स्थलांतरे त्यांनी तेरा वर्षांत केली. त्या ओघात जंतूचा घातकपणा गेला; जीव मात्र राहिला. 1921 मध्ये पॅरिस येथे एका तान्ह्या बाळाला ही लस प्रथम देण्यात आली.

जीव राहिला, हीच यातली महत्त्वाची गोष्ट होय. मेलेल्या जंतूंची लस टोचली की तिचे काम तेथून सुरू होते व ओसरत जाते. जिवंत लशीचे तसे नाही. तिचे जंतू शरीरात काही काळ टिकले पाहिजेत, थोडे वाढले पाहिजेत, तरच शरीराला शत्रूची नीट ओळख पटते. आता समजा, त्या शरीराची अशाच जंतूंशी आधीच ओळख असली तर? वेशीवरचा जागल्या सावध असला म्हणजे तो चोराला अडवतो हे खरे. पण चोराची खबर घेऊन येणारा माणूस चोरासारखाच दिसत असेल, तर जागल्या त्यालाही वेशीबाहेरच अडवील. मग खबर गावात पोहोचायची कशी?

ही नुसती कल्पना नव्हे. इंग्लंडमध्ये 1950 मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या शाळकरी मुलांवर मोठी चाचणी सुरू झाली. ज्यांच्या शरीराची क्षयाच्या जंतूंशी गाठ पडलेली नव्हती, अशा मुलांत बीसीजीने तीनचतुर्थांशांहून अधिक क्षय टाळला. पुढे 1968 मध्ये मद्रासजवळ चिंगलपट येथे अडीच लक्षांहून अधिक लोकांवर तशीच चाचणी आरंभली. तेथे प्रौढांच्या फुप्फुसाच्या क्षयावर लशीचा काहीच प्रभाव दिसेना! शास्त्रज्ञांना हा मोठाच धक्का होता.

कारणे अनेक सांगितली गेली. त्यांपैकी एक आपल्या पायांखालच्या मातीत आहे. उष्ण प्रदेशांतील मातीत व पाण्यात क्षयजंतूंचे निरुपद्रवी भाऊबंद विपुल असतात. चिंगलपटच्या बहुतेक लोकांची त्यांच्याशी लहानपणीच गाठ पडलेली होती. यातून दोन तर्क निघतात. पहिला असा की, या भाऊबंदांनी थोडेफार संरक्षण आधीच दिलेले असते. म्हणून लशीची भर वेगळी उठून दिसत नाही. दुसरा असा की, जुनी प्रतिकारशक्ती लशीचे जंतू वाढूच देत नाही. आफ्रिकेतील मलावी देशातून मिळवलेले असे जंतू उंदरांना देऊन केलेला प्रयोग 2002 मध्ये प्रसिद्ध झाला. त्या उंदरांत बीसीजीची वाढ खुंटली आणि संरक्षणही घटले. नुसत्या प्रथिनांच्या, म्हणजे निर्जीव लशीचा गुण मात्र टिकला. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हे खरे. तथापि दुसऱ्या तर्काला यामुळे बळ मिळाले.

आता या प्रश्नाला नवे वळण लागले आहे. 1991 च्या सुमारास बीसीजीच्या जंतूत दुसऱ्याच रोगाच्या जंतूचा अंश घालण्याची युक्ती साधली. विषमज्वराच्या दुर्बळ केलेल्या जंतूंनाही असेच ओझे वाहायला लावतात. अशा जंतूंना आपण वाहक म्हणू. वाहक वाटेतच मारला गेला तर ओझेही वाया जाणार, ही भीती उघड आहे. पण येथे निसर्ग सरळ उत्तर देत नाही. प्राण्यांवरील काही प्रयोगांत जुन्या प्रतिकारशक्तीने गुण कमी केला, तर काहींत उलट वाढवला! शरीरातील जुनी प्रतिद्रव्ये वाहकाला चिकटतात व पांढऱ्या पेशी त्याला चटकन गिळतात. त्यामुळे ओझे योग्य ठिकाणी लवकर पोहोचत असावे, असा एक खुलासा आहे. वाहक कोणता, मात्रा किती, मार्ग तोंडाचा की सुईचा, आधीची गाठ किती दिवसांपूर्वीची, यांवर निकाल फिरतो. म्हणून एका देशातील यशावरून दुसऱ्या देशाचा हिशेब मांडता येत नाही. चाचणी त्या त्या मातीतच घ्यावी लागते.

मग बीसीजी निरुपयोगी का? मुळीच नाही. तान्ह्या मुलांना होणारा मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि सर्वांगात पसरणारा क्षय, हे दोन्ही प्राणघातक प्रकार ती बऱ्याच अंशी टाळते. आपल्याकडे ती जन्मतःच देतात, यातही मोठे शहाणपण आहे. रोग लहानग्याला गाठण्यापूर्वी लस पोहोचते, आणि नवजात शरीराची मातीतल्या जंतूंशी अजून ओळख झालेली नसते. चार महिने थांबू, बाळ जरा बाळसे धरू दे, असे घरातले वडीलधारे मायेपोटी म्हणतात. पण तेवढ्या काळात माती आपले काम करीत असते आणि रोगही दाराशी येऊ शकतो.

प्रौढांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. जगातील क्षयरोग्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे. त्यांच्यासाठी जी लस येईल, तिला कोऱ्या पाटीवर लिहायला मिळणार नाही. आधीच लिहिलेल्या पाटीवर तिला आपले अक्षर उमटवावे लागेल. आपल्या शास्त्रज्ञांपुढचे काम ते हेच होय.