कोल्ह्यासाठी कोणते काडतूस?

पीक संरक्षणासाठी मिळालेल्या बंदुकीच्या परवान्यावर शेतात शिरलेले कोणतेही जनावर मारता येते, हा खान्देशात सर्वांत घट्ट रुजलेला गैरसमज आहे. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्यात तो ऐकू येतो, तसाच साक्री-शिरपूरकडच्या मक्याच्या बांधावरही. त्याच्या पाठोपाठ ठरलेला प्रश्न येतो: कोल्ह्याला एसजी वापरावी की चार नंबरचा छर्रा, पॉइंट टू-टू पुरते की .३१५ ची रायफल लागते? प्रश्न काडतुसाचा वाटतो, पण तो शेवटाकडून धरलेला आहे. काडतूस निवडण्याआधी ते त्या जनावरावर झाडण्याचा अधिकार लागतो आणि कोल्ह्याच्या बाबतीत तो अधिकार शेतकऱ्याला नाही.

बंदूक बाळगणे आणि वन्यप्राणी मारणे या दोन गोष्टी दोन वेगळ्या कायद्यांखाली येतात. बंदुकीचा परवाना शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार मिळतो आणि जिल्ह्यात तो जिल्हाधिकारी कार्यालयातून दिला जातो. त्या कागदाचा अर्थ एवढाच की हे शस्त्र या माणसाने जवळ ठेवणे गुन्हा नाही. वन्यप्राणी मारण्याची परवानगी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम ११ खाली मिळते. ती देण्याचा अधिकार मुख्य वन्यजीव रक्षकाला किंवा त्याने अधिकार दिलेल्या वनाधिकाऱ्याला असतो. एका कार्यालयाच्या कागदावर दुसऱ्या कार्यालयाचे काम होत नाही. परवान्यावर ‘पीक संरक्षण’ असे शब्द असले तरी त्यांनी वन्यजीव कायद्यातले एक अक्षरही सैल होत नाही. इतकी सरळ गोष्ट वर्षानुवर्षे चुकीची सांगितली जाते आणि तिची किंमत सांगणारा मोजत नाही, ऐकून गोळी झाडणारा मोजतो.

कायद्याच्या कलम ९ नुसार अनुसूची १ आणि २ मधल्या प्राण्यांची शिकार निषिद्ध आहे. कोल्हा पूर्वी अनुसूची २ मध्ये होता. २०२२ च्या दुरुस्तीनंतर, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, तो अनुसूची १ मध्ये आहे. लांडगा, तरस आणि बिबट्या त्याच अनुसूचीत आहेत. अनुसूची १ मधला प्राणी मारायची परवानगी केवळ दोन परिस्थितींत मिळू शकते: तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला असेल, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असेल. पिकाचे नुकसान हे कारण कलम ११ च्या या तरतुदीत नाहीच. म्हणजे शेतकऱ्याने सर्व कागद जोडून रीतसर अर्ज केला, तरी ‘कोल्ह्याने मक्याची कणसे खाल्ली’ एवढ्यावर परवानगी निघू शकत नाही. विनापरवानगी मारल्यास किमान तीन आणि कमाल सात वर्षे कारावास, शिवाय किमान पंचवीस हजार रुपये दंड अशी शिक्षा आहे. गुन्ह्यात वापरलेली बंदूक आणि वाहन सरकारजमा होते. नेम चुकला म्हणून सुटका होत नाही, कारण शिकारीच्या व्याख्येत मारण्याचा प्रयत्नही येतो. विष घालणे, फास लावणे, सापळा रचणे, हाका करून हुसकणे हेही त्याच व्याख्येत आहे.

रानडुक्कर आणि रोही यांची गोष्ट वेगळी आहे आणि गोंधळ तिथेच सुरू होतो. हे दोन्ही प्राणी अनुसूची २ मध्ये आहेत. त्या अनुसूचीतला प्राणी उभ्या पिकासह मालमत्तेला धोकादायक झाला, तर कलम ११ खाली त्याला मारण्याची परवानगी देता येते. ती लेखी असते, कारणांसह असते आणि मागावी लागते. शेतकऱ्याने त्यासाठी वनपरिक्षेत्र कार्यालयात जायचे. गावातल्या एखाद्याला अशी परवानगी मिळाली, त्याने रानडुक्कर मारले, की चार महिन्यांत ‘आता डुक्कर मारायला मोकळीक आहे’ असे त्याचे रूप होते आणि आणखी वर्षभरात डुकराच्या जागी ‘कोणतेही जनावर’ येते.

बातम्यांनीही यात भर घातली. केंद्र सरकारने कलम ६२ खाली डिसेंबर २०१५ मध्ये बिहारच्या काही जिल्ह्यांत रोही आणि रानडुक्कर, फेब्रुवारी २०१६ मध्ये उत्तराखंडच्या काही भागांत रानडुक्कर आणि मार्च २०१६ मध्ये शिमल्यात माकडे उपद्रवी म्हणून घोषित केली. जून २०१६ मध्ये बिहारातल्या मोकामा भागात दोनशेहून अधिक रोही मारल्या गेल्या आणि देशभर वाद झाला. त्या घोषणा ठरावीक क्षेत्रापुरत्या आणि वर्षभराच्या मुदतीच्या होत्या. त्यांत महाराष्ट्र नव्हता आणि कोल्हा तर कुठेच नव्हता. पूर्वी कायद्यात उपद्रवी प्राण्यांची एक कायमची अनुसूची असे. तिच्यात कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर आणि घुशी होत्या. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीही गेली.

गैरसमजाचा तिसरा झरा मोबाइलवर आहे. अमेरिकेत कोयोट नावाचा कोल्ह्याच्या कुळातला प्राणी मेंढपाळांचा शत्रू मानला जातो आणि बहुतेक राज्यांत त्याच्या शिकारीवर फारसे निर्बंध नाहीत. तिथले शिकारी .२२३ रेमिंग्टन, .२२-२५० किंवा .२४३ विंचेस्टर यांतले कोणते तयार काडतूस चांगले यावर तासन्‌तास बोलतात. त्या चर्चेला तिथे अर्थ आहे. .२२३ ची सुमारे ३.६ ग्रॅमची हलकी गोळी नळीतून सेकंदाला जवळजवळ एक किलोमीटर वेगाने सुटते. पातळ कवचामुळे ती शरीरात शिरताच फुटते, पलीकडे जात नाही आणि विकायच्या कातड्याला मोठे भोक पडत नाही. पण यातले काहीही तापीकाठी लागू नाही. इथे प्राणी वेगळा आहे, कायदा वेगळा आहे, कातडे विकणे हा स्वतंत्र गुन्हा आहे आणि ती काडतुसेही सहसा मिळत नाहीत. .२२३ हे लष्करी ५.५६ मिलिमीटर काडतुसाचे जुळे भावंड आहे आणि लष्करी बोअरची शस्त्रे सामान्य नागरी परवान्यात बसत नाहीत.

पीक संरक्षणाचा परवाना मुळात रायफलीचा नसतोच, हेही फारसे कुणी वाचलेले नसते. शस्त्र अधिनियमाच्या कलम १३ मध्ये पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक धरली आहे. ती पुरेशी नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याची खात्री झाली, तर गुळगुळीत नळीची दुसरी बंदूक, म्हणजे व्यवहारात बारा बोअर, देता येते. नळीत आटे असलेली रायफल या तरतुदीत येत नाही. म्हणून ‘पीक संरक्षणासाठी .३१५ घ्या’ हा सल्ला पहिल्याच पायरीवर कोसळतो.

वरणगावला आयुध निर्माणी आहे, तेव्हा काडतुसे इथे सहज मिळत असतील, असेही जळगाव जिल्ह्यात ऐकू येते. वरणगावची निर्माणी लष्कर आणि सुरक्षा दलांसाठी माल बनवते. तो नागरिकांना विकला जात नाही आणि तिथले काडतूस घरात सापडणे हा गंभीर गुन्हा आहे. नागरी परवानाधारकांची शक्तिमान छापाची बारा बोअरची काडतुसे पुण्याजवळच्या खडकीच्या निर्माणीतून येतात. ती परवानाधारक विक्रेत्याकडेच घ्यावी लागतात. एका वेळी आणि वर्षभरात किती घेता येतील तो आकडा परवान्यावरच लिहिलेला असतो.

लष्करी गोळी सर्वांत ‘भारी’, म्हणून शिकारीलाही तीच उत्तम, हा समज तर साफ उलटा आहे. १८९९ च्या हेग घोषणेने शरीरात पसरणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायला बंदी केली. म्हणून लष्करी गोळी पूर्ण धातूच्या कवचात असते आणि बऱ्याचदा आरपार जाते. जनावर जखमी होऊन पळते आणि गोळी पुढे कुठे जाते ते कळत नाही. शिकारीच्या गोळीचे टोक म्हणूनच मऊ शिशाचे ठेवतात.

रानडुकरासाठी कलम ११ ची परवानगी हातात आली, की काडतुसाचा प्रश्न खऱ्या अर्थाने उभा राहतो आणि तेव्हा तो जिवाचा प्रश्न असतो. बारा बोअरमध्ये सहा नंबरचे काडतूस म्हणजे तितरावर झाडायचे शेकडो बारीक छर्रे. डुकराच्या जाड कातडीखाली ते जेमतेम शिरतात आणि जखमी डुक्कर माणसावर उलटते. एलजी किंवा एसजीमध्ये मोजकेच मोठे छर्रे असतात. तेही पस्तीस-चाळीस मीटरपलीकडे इतके विखुरतात की नीट मारा होत नाही, मात्र प्रत्येक छर्रा शेकडो मीटर जाऊन माणूस जखमी करू शकतो. पॉइंट टू-टूला खेळणे समजणाऱ्यांनी तिच्या खोक्यावरची सूचना वाचावी: तिची गोळी सुमारे दीड मैल, म्हणजे जवळजवळ अडीच किलोमीटर जाऊ शकते. ही भीती खान्देशात विशेष खरी आहे. इथे शेतीची वीज बऱ्याचदा रात्री मिळते, त्यामुळे ज्या वेळी जनावरे पिकात येतात त्याच वेळी शेजारच्या शिवारात माणसे पाणी भरत असतात. केळीच्या बागेत दहा पावलांवरचे दिसत नाही. खोडात गोळी अडेल ही समजूत निराधार आहे, कारण केळीचे खोड हे पाण्याने भरलेल्या पानांच्या देठांचे गुंडाळे आहे, त्यात लाकूड नाही. गोळीच्या मागे मातीचा भरभक्कम बांध किंवा उंचवटा नसेल तर कोणतेही काडतूस योग्य नाही.

कोल्हा मारल्याने पीक वाचते का, याचेही उत्तर बहुतेकांना वाटते त्याच्या उलट आहे. तो मक्याची कणसे, भुईमूग, टरबुजे आणि ऊस खातो, कोंबड्या आणि क्वचित करडू उचलतो. हे नुकसान खरे आहे आणि टरबुजाच्या वाडीत एका रात्रीत ते डोळ्यांत भरण्याइतके असते. पण आठ ते अकरा किलोच्या या प्राण्याचे पोट मुख्यतः लहान शिकारीवर, मेलेल्या जनावरांवर आणि बोरांसारख्या फळांवर भरते. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या २००४ च्या श्वानकुळावरील अहवालात दिलेल्या नोंदींनुसार, कान्ह्यात त्याच्या आहाराचा सुमारे ऐंशी टक्के भाग उंदीर, सरपटणारे प्राणी आणि फळे यांचा, तर भरतपूरला साठ टक्क्यांहून अधिक भाग उंदीर, पक्षी आणि फळे यांचा होता. कापूस, मका आणि भुईमुगाच्या शेतकऱ्याला उंदीर-घुशींचा हिशेब वेगळा सांगायची गरज नाही. शिवाय मारल्याने प्राणी हटतोच असेही नाही: अमेरिकेत सरकारी यंत्रणा दरवर्षी हजारोंनी कोयोट मारते. तरी गेल्या शतकात तो प्राणी तिथल्या पश्चिमेच्या मैदानांतून पूर्व किनाऱ्यापर्यंत पसरला.

आणखी काही समज थोडक्यात निकाली निघतात. कोल्ह्याला शिंग नसते. ‘कोल्ह्याचे शिंग’ म्हणून विकली जाणारी केसाळ गाठ हा फसवणुकीचा माल आहे, आणि ती खरोखर कोल्ह्याच्या अंगाची असेल तर विकणारा आणि घेणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. खोकड हे कोल्ह्याचे पिल्लू नाही. तो वेगळा, लहान प्राणी आहे आणि त्यालाही संरक्षण आहे. मेलेल्या जनावरावर विष टाकले की फक्त कोल्हा मरत नाही. गावची कुत्री, तरस, लांडगे आणि गिधाडे त्याच मांसावर येतात. कुंपणात घरची वीज सोडणे हा उपाय नाही, त्यात माणसे मेली आहेत आणि लावणाऱ्यावर मनुष्यवधाचा गुन्हा दाखल होतो. ठरावीक यंत्रातून क्षणिक झटका देणारे सौर कुंपण ही वेगळी वस्तू आहे. मारलेले जनावर मारणाऱ्याचे होत नाही. परवानगीत काही वेगळे म्हटले नसेल तर ते सरकारी मालमत्ता असते, म्हणून डुकराचे मांस वाटून घेण्याआधी परवानगीचा कागद पुन्हा वाचावा.

स्वसंरक्षणाची तरतूद मात्र खरी आहे. कलम ११ च्या पोटकलम २ नुसार स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवताना सद्हेतूने प्राणी मारला वा जखमी केला तर तो गुन्हा नाही, मग तो कोणत्याही अनुसूचीतला असो. ती व्यक्ती त्या वेळी कायदा मोडत असेल, उदाहरणार्थ विनापरवाना शिकारीला निघालेली असेल, तर हे संरक्षण मिळत नाही. दुरून पिकात दिसलेल्या कोल्ह्यावर झाडलेली गोळी या तरतुदीत बसवता येत नाही.

दिवसा दिसलेला प्रत्येक कोल्हा पिसाळलेला असतो हेही खरे नाही. भूक, पिल्ले किंवा ऊसतोडीने गेलेला आसरा यांमुळे तो उजेडातही बाहेर पडतो. माणसाची भीती न बाळगता अंगावर धावणारा, लाळ गाळणारा, तोल जाणारा कोल्हा मात्र धोक्याचा आहे. त्याची खबर वनविभागाला द्यावी, कारण धोकादायक वा बरा न होणाऱ्या रोगाचा प्राणी मारण्याचा निर्णय घेण्याचा अधिकार त्या विभागाकडे आहे. चावा बसला असेल तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करावी. हळद, चुना किंवा तिखट जखमेत भरू नये. लक्षणे दिसू लागल्यावर हा रोग जवळजवळ नेहमी प्राणघातक ठरतो.